दोराला माणसं लागतात

उषीला हे कुणी शिकवलं नव्हतं. दिवे लागायची वेळ झाली की ती आपली लहान गोधडी काखेत मारायची, अंगण ओलांडायची आणि शेजारी साळूबाईच्या घरी जाऊन निजायची. साळूबाई एकटीच राहत असे, तिला सोबत झाली. सकाळी उषी परत यायची आणि आईच्या चुलीपुढे हात शेकत बसायची. सहा वर्षांच्या लेकराने आपणहून घातलेला हा नेम होता, आणि घरातलं कुणीही तिला त्याबद्दल काही विचारत नव्हतं.

दिवसा मात्र तिचं सगळं बापाबरोबर चाले. कडूबा शेताकडे निघाला की ती आधीच गाडीत चढून बसलेली असे. औत सोडल्यावर तो तिला ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करून देई, बोरं पाडून देई, ओढ्याच्या पाण्यात तिचे पाय धुऊन देई. दिवसाचा कडूबा तिचा होता. सांजेला शिंदीच्या दुकानातून जो पिऊन परत येई, त्याची आणि तिची ओळख नव्हती.

कडूबाने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. भादव्यात एकदा तो दुकानातून आला, तिला उचलून छातीशी धरलं आणि रडायला लागला. का रडतो हे त्यालाही सांगता येईना. तिने आधी आईकडे पाहिलं, मग डोळे घट्ट मिटून घेतले. तो तिला सोडीना. शेवटी त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, त्याची बोटं एकेक करून सोडवली. तोवर लेकरू लाकडासारखं ताठ झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती दिवेलागणीला निघून जाऊ लागली.

कडूबाला दुसरं काही नको होतं. आपल्या लेकीने सांजेला आपल्या घरात निजावं, एवढंच.

त्याचं गाव राजूरपासून कोसभरावर. निजामाच्या राज्यात शिंदीच्या दुकानांचा ठेका दिला जाई, आणि गावापासून राजूरकडे जाणाऱ्या वाटेवर, ओढ्याकाठच्या शिंदबनात असंच एक ठेक्याचं दुकान होतं. ते सोडायचं कडूबाने मनावर घेतलं नव्हतं असं नाही. त्या भागात माणसाला काही सोडायचं असलं की तो राजूरला जातो, टेकडी चढतो, गणपतीच्या पायरीवर हात ठेवतो आणि चारचौघांदेखत शपथ घेतो. कडूबाने ती तीनदा घेतली होती. पहिली होळीपर्यंत टिकली. दुसरी टेकडी उतरून घरी येईपर्यंत टिकली, कारण दुकान वाटेवरच होतं. तिसरीचं तो कुणाला सांगत नसे. त्यानंतर त्याने टेकडी चढणं सोडलं. कुणी प्रसाद हातावर ठेवला, तर तो न खाता तुळजाबाईच्या हातावर सरकवी. खोट्या माणसाने देवाचं खाऊ नये, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

दुकानात त्याच्या शेजारी बसणारा मच्छिंद्र मात्र दिवाळीच्या सुमाराला यायचा बंद झाला. मच्छिंद्र त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा शेतकरी. आधी लोकांना वाटलं आजारी असेल. मग तो सकाळी मोट हाकताना दिसू लागला, गाणं म्हणत. कडूबाने त्याला बांधावर गाठून विचारलं, शपथ घेतली का. मच्छिंद्र इकडेतिकडे पाहत म्हणाला की शपथ नाही, पण राजूरला जातो, सांजेला. काय करता तिथं, असं विचारलं तर त्याने उलट बोलावणंच दिलं.

"चतुर्थीला ये. उजेड हाये तवर ये," तो म्हणाला. "पुंजारामाकडं."

"हा पुंजाराम कोण?"

"तू ये तर. मंग बघू."

मच्छिंद्राने एवढं सांगून बैलांना हाक दिली आणि विषय संपवला. बाकीचं कडूबाच्या मनाने आपलंआपण जुळवून घेतलं. ज्याच्या नुसत्या सहवासाने मच्छिंद्रासारखा माणूस सुधारतो तो कुणी साधू असणार, भगवी छाटी असणार, टेकडीच्या आसपास मठी असणार. घरी पोचेपर्यंत पुंजारामाचे पुंजारामबुवा झाले होते.

चतुर्थीला निघताना त्याने तुळजाबाईला खरं सांगितलं नाही, पण ती समजली. ती भाकरी बांधून देत होती.

"चौथी का?" तिने विचारलं. "जा. देवाला बी आता सवय झाली आसंन."

राजूरला चतुर्थीची गर्दी होती. टेकडीच्या पायथ्याशी दूर्वा विकणाऱ्या बाया, गुळाच्या रेवड्यांची दुकानं, सोडलेल्या गाड्यांची रांग. कडूबाने रेवडीवाल्याला विचारलं, पुंजारामबुवा कुठं उतरलेत. रेवडीवाल्याने असे बुवा ऐकले नव्हते. त्याने शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने एका पुजाऱ्याला थांबवलं. पुजारी म्हणाला की इथे एक गोसावी असतात आणि एक रामदासी येऊन जाऊन असतात, पुंजारामबुवा कुणी नाहीत. दूर्वावाल्या बाईने मध्येच सांगितलं की पुंजाराम म्हणजे तो दोर वळणारा असेल, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. कडूबा हसला. तो नव्हे, म्हणाला.

मग त्याने टेकडीला वळसा घातला. धर्मशाळेत डोकावला, तळ्याकाठच्या पिंपळापाशी दोन बैरागी चिलीम ओढत होते, त्यांना नमस्कार करून नाव विचारलं. गाव संपून बाहेरच्या वस्तीकडची मोकळी जागा लागली तेव्हा तिथे काही माणसं दोर वळताना त्याला दिसली. त्याने नजर काढून घेतली. त्या वस्तीशी त्याच्यासारख्या शेतकऱ्याचं काम वर्षातून दोनदा पडे, कासरे नि दावी घेण्यापुरतं, आणि तेही उभ्या उभ्या, हात न लागता. तिथे बसायची किंवा पाणी प्यायची चाल नव्हती. तो तसाच पुढे गेला, वस्तीला फेरी घालून पुन्हा त्याच जागी आला. ऊन उतरलं होतं. आता परत निघावं तर वाटेवर दुकान होतं, आणि ते याच वेळी भरतं हे त्याच्या जिभेला माहीत होतं.

"पाटील," दोर वळणाऱ्यांतल्या एका वयस्कर माणसाने हाक दिली, "तुमी दुसऱ्यांदा चाललात. काही हुडकून राह्यलात का?"

कडूबाने दुरूनच सांगितलं, एका माणसाला.

"घावंल. तवर एवढं टोक धरता का? आमचा एक माणूस आला न्हाई आज, अन् हे सुरू करून बसलो."

नाही म्हणायला कडूबाला वेळ मिळाला नाही, कारण तो माणूस खरोखरच अडचणीत दिसत होता. इथे दोर कसा वळतात ते थोडं सांगायला हवं. अंबाडी ओढ्यात भिजवून तिची साल सोलतात, ती वाळवून, विंचरून तिचे लांब पेड काढतात. असे तीन पेड एका बाजूला तीन माणसांनी धरायचे आणि ज्याने त्याने आपल्या पेडाला पीळ द्यायचा. दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड एकत्र बांधलेले असतात, ते चौथ्या माणसाने काठीला गुंतवून धरायचे. पीळ भरत जातो तसे पेड एकमेकांना मिठी घालतात आणि दोर आखडत जातो. म्हणून चौथ्या माणसाला जागेवर उभं राहून चालत नाही. दोर ओढेल तसं त्याला पाऊल पाऊल पुढे यावं लागतं. आणि या चौघांतल्या एकाने जरी हात सोडला तरी सगळा पीळ भर्रकन उलगडतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. थांबायचं असेल तर दोर पुरा झाल्यावर थांबायचं.

त्या दिवशी ते तिघेच होते, आणि त्यांनी चौथं टोक एका खुंट्याला अडकवलं होतं. खुंट्याला पाऊल पुढे टाकता येत नाही. पेड ताणून तुटायला आले होते.

कडूबाने काठी धरली. हात लागला, आणि लागला ते कुणी मोजलं नाही. दोराच्या पलीकडच्या टोकाला बघतो तर तिघांतला एक मच्छिंद्र होता. खाली मान घालून पीळ देत होता. कडूबाला हसूही आलं आणि रागही आला. तिसरा माणूस पांढऱ्या टोपीतला, पायघोळ धोतरातला, भोकरदनच्या एका कचेरीत कारकुनी केलेला नरहरपंत. असा माणूस इथे मातीत बसून अंबाडीचा पेड पिळताना पाहून कडूबाला काय समजावं ते समजेना. पण हात सोडता येत नव्हता, म्हणून तो काठी धरून उभा राहिला.

ते बोलत होते. मोठ्याने नाही, हातांच्या तालावर. वयस्कर माणसाने नरहरपंतांना विचारलं, आज कुठं ओढ लागली. पंत म्हणाले की दुपारी, जेवण झाल्यावर, बायकोने सुपारी दिली आणि ती वळली तेव्हा तिच्या पायातल्या जुन्या वहाणा दिसल्या. त्या आपण आणलेल्या नाहीत, तिच्या भावाने आणलेल्या आहेत, हे आठवलं, आणि आठवताक्षणी घसा कोरडा पडला. मग काय केलं, तर विहिरीवर जाऊन अंगावर पाणी ओतून घेतलं.

"दोनदा," पंत म्हणाले. "एकदा पुरलं नाही."

मच्छिंद्राने सांगितलं की आज काही लागली नाही, बिलकुल नाही, आणि म्हणूनच भीती वाटून राहिली. त्यावर कुणी हसलं नाही. वयस्कर माणसाने स्वतःचंही सांगितलं. त्याची ओढ सकाळची होती, झाडावरून ताजी शिंदी उतरवणारा माणूस वस्तीवरून जातो तेव्हाची. असं सगळं चाललं होतं आणि कडूबा पाऊल पाऊल पुढे येत होता. दोर पुरा झाला तेव्हा तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि अंधार पडला होता. टेकडीवर आरती संपून लोक उतरत होते.

वयस्कर माणसाने दोराला गाठ मारली आणि कडूबाला विचारलं, कुणाला हुडकत होता.

"पुंजारामबुवाला."

मच्छिंद्राने तोंडावर उपरणं धरलं. नरहरपंत उघड हसले. म्हणाले, "अहो, हेच. बुवा वगैरे काही नाही, नुसतेच पुंजाराम."

कडूबा ओशाळला. जरा वेळाने त्याने विचारलं की मग ते कधी सुरू होणार, शपथ वगैरे. पुंजाराम दोराची गुंडाळी करत होता.

"शपथ मी बी घेतली व्हती, पाटील. लई वेळा. पण शपथ असते जन्माची, अन् जनम लई लांब पडतो. मला दिवेलागण ते जेवण एवढंच पेलतं. तेवढा येळ हात गुंतवून ठेवायचा. एकट्यानं दोर व्हत न्हाई, म्हणून चौघांनी यायचं. हेच हाये आमचं. झालं बी आजचं."

त्याने पुढे सांगितलं, आणि हे कडूबाला पुष्कळ दिवस पुरलं, की दुकानात अंधारात कोण कुणाच्या शेजारी बसलं हे कधी कुणी पाहिलं नाही. तिथे पंत होते, पाटील होते, वस्तीतले होते. सोडायची वेळ आली की मात्र जो तो आपल्या आळीत, आपल्या घरात, एकेकटा सोडायला बसला, आणि एकेकटा परत दुकानात गेला. म्हणून पुंजारामाने एकदा दुकानातल्याच एका ओळखीच्या माणसाला, नरहरपंतांना, दोराचं टोक धरायला बोलावलं. त्याला नुसता दोर पुरा करायचा होता. पण त्या सांजेला दोघेही प्यायले नाहीत.

परतीच्या वाटेवर मच्छिंद्र बरोबर होता. शिंदबन आलं तेव्हा दोघांनी भराभर पावलं उचलली.

त्या दिवशी न आलेला चौथा माणूस पुन्हा आलाच नाही, आणि त्याच्या जागी कडूबा रोज जाऊ लागला. औत लवकर सोडायचं, बैल बांधायचे आणि राजूरची वाट धरायची. पहिले दिवस वाईट गेले. घाम सुटे, काठी सुटे, पीळ उलगडे. पुंजाराम पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आज कुठं ओढ लागली असं विचारलं की कडूबा सुरुवातीला बैलांचं सांगे, पावसाचं सांगे. मग एकदा त्याने उषीचं सांगितलं. गोधडीचं सांगितलं. त्या दिवशी पुंजारामाने त्याला पहिल्यांदा पाटील न म्हणता कडूबा म्हटलं, आणि घोटभर पाणी दिलं. कडूबाने ते घेतलं. तोवर तो रोज तहानलेला घरी जात होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

तुळजाबाई पहिला आठवडा भाकरी झाकून ठेवून निजून जाई. तिने असे आठवडे पाहिले होते. नंतर ती त्याची भाकरी झाकून न ठेवता तो आल्यावर गरम करू लागली. संक्रांत जवळ आली तरी तो शुद्धीवर घरी येत होता. पण तो घरी येई तेव्हा उषी साळूबाईकडे निजलेली असे. दिवेलागण झाली की गोधडी काखेत, आणि चालली. तिच्या नेमात काही फरक पडला नव्हता.

संक्रांतीच्या दिवशी त्याने राजूरला जायचं टाळलं. वाटलं, सण आहे, घरीच राहावं, तिला तिळगूळ द्यावा, ती पाहील. दिवस उतरायला लागला तशी उषी गोधडी घेऊन उठली. तो दारातच बसला होता. त्याने तिला जवळ बोलावलं. ती अंगणाच्या मध्यावर थांबली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग भिंतीच्या कडेकडेने, त्याच्यापासून लांबून, निघून गेली. त्याच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

तो उठला आणि शिंदबनाकडे चालू लागला.

दुकानात त्याला पाहून जुन्या मंडळींनी जागा केली. कुणी म्हणालं, आला का आमचा संन्यासी. त्याच्यापुढे मडकं आलं. पहिला घोट गेला, दुसरा गेला. काही बरं वाटलं नाही आणि काही वाईटही वाटलं नाही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याच्या नावाने हाक दिली.

तो दारात आला. पुंजाराम लांब, वाटेच्या पलीकडे, बाभळीखाली उभा होता, आणि त्याच्या मागे मच्छिंद्र नि नरहरपंत होते. पंतांच्या काखेत अंबाडीचे पेड होते. कडूबा आला नाही म्हणून दोर सुरू झाला नव्हता, आणि दोर सुरू झाला नाही म्हणून ते तिघे त्याला शोधत राजूरहून चालत आले होते.

"तूच भाईर ये," पुंजाराम म्हणाला. "मला तिथवर येता येत न्हाई. वास माझ्याहून जबर हाये."

कडूबा वाट ओलांडून गेला. किती प्यायला हे त्यांनी विचारलं नाही. तोच बोलू लागला. ज्या लेकरासाठी हे सगळं केलं तिला ते दिसतच नाही, म्हणाला. इतके दिवस एक थेंब नाही, आणि ती अजून तशीच निघून जाते, आज तर अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीला चिकटून गेली. मग कशाला करायचं. पंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुंजाराम मात्र विचारात पडला होता.

"तिनं तुला सांजंला पाह्यलं कव्हा?" त्याने विचारलं.

"म्हंजे?"

"तू दिवेलागणीला माझ्या वस्तीत असतो. तू पीत न्हाईस हे मला ठावं, पंतांना ठावं. लेकराला कोण सांगणार? तिच्या लेखी तू अजून दुकानातच बसून राह्यला."

कडूबाला हे कधी सुचलं नव्हतं. तो बाभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसला.

"दोर तुझ्या अंगणात वळू," पुंजाराम म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हंजे हे दोघं येतील. मी बाहेर वाटेवर उभा राहून टोक धरीन. गावाला चालंल असं बघ."

पंतांनी पेड या काखेतून त्या काखेत घेतले. मग कडूबा उठला आणि म्हणाला, उद्या या, सगळे आत या. एवढं बोलून तो घरी गेला आणि तुळजाबाईला सगळं सांगितलं, आज प्यायलो हेही सांगितलं. तिने वासावरून ते आधीच ओळखलं होतं. वस्तीतला माणूस अंगणात येणार, गाव काय म्हणेल, असं तो म्हणाला तेव्हा मात्र तिने विचारलं.

"दुकानात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत व्हता, तवा गावानं काही म्हणलं का?"

दुसऱ्या दिवशी तिने अंगण सारवलं. घोंगडी झाडून टाकली. पाण्याची घागर आणि तांब्या भिंतीशी ठेवला, तो कुणासाठी आणि कुणासाठी नाही असं काही न ठरवता. दुपार कलल्यावर तिघे आले. गल्लीतल्या दोनचार घरांच्या दारांत माणसं उभी राहिली. एक म्हातारा काठी टेकत अंगणाच्या तोंडाशी आला, पुंजारामाकडे पाहिलं, तुळजाबाईकडे पाहिलं, आणि घसा खाकरून काही बोलणार तोच नरहरपंतांनी त्याला अदबीने विचारलं की आजोबा, एक पेड धरता का, माणूस कमी पडतोय. म्हातारा काठी टेकत परत फिरला. पंतांनी मग सुस्कारा टाकून सांगितलं की कचेरीत असताना आपण शिंदीच्या दुकानांच्या तपासणीवर होतो, अन् चव घेतल्याशिवाय तपासणी कशी होणार, म्हणून ती इतकी बराबर केली की नोकरीच उरली नाही. मच्छिंद्र हसला. पुंजारामाने हे पुष्कळदा ऐकलं होतं, तोही हसला.

तिघे दाराशेजारी पेड घेऊन बसले. अंगण लांब होतं. कडूबाने काठी घेतली आणि पार टोकाला, गोठ्याच्या भिंतीशी, जाऊन उभा राहिला. पीळ सुरू झाला.

उषी गोधडी घेऊन दारात आली तेव्हा अंगणात अजून उजेड होता. तिने तीन माणसांच्या पाठी पाहिल्या. त्यांच्यापलीकडे, लांबवर, बाप उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत काठी होती आणि ती सोडता येत नव्हती. तो तिला बोलावू शकत होता, पण त्याने बोलावलं नाही. पुंजारामाने पंतांना विचारलं, आज कुठं ओढ लागली. पंत सांगू लागले. उषी दारातच राहिली. दोरावर तिची नजर होती. तो वळत होता, आखडत होता आणि बापाला एकेक पाऊल पुढे आणत होता. तिने मान वाकडी करून काही वेळ त्याचे पाय पाहिले. मग ती दिसेनाशी झाली. तिच्या जाण्याच्या वाटेकडे पाहायचं नाही, असं कडूबाने ठरवलं होतं. तो काठीकडे पाहत राहिला.

मग मच्छिंद्राची पाळी झाली, मग पुंजारामाची. मग पुंजारामाने विचारलं, "अन् तुझी, कडूबा?"

कडूबाने कालचं सांगितलं. दोन घोट, तिसरा घेतला नाही, तोही हाक आली म्हणून. आजचं विचाराल तर आज सकाळपासून आहे, आत्ताही आहे, म्हणाला. पुंजारामाने मान हलवली आणि पेडाला पीळ दिला.

तुळजाबाईने कोनाड्यात दिवा लावला. दोर अर्ध्याहून जास्त झाला होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून साळूबाई आली. हातात ठिगळ लावायला घेतलेलं लुगडं तसंच होतं.

"उषी आली न्हाई आज," ती म्हणाली. "मी वाट बघून राह्यले. कुठं हाये लेकरू?"

चौघांचेही हात थांबले नाहीत. कडूबाचं तोंड उतरलं. ती गेली नाही, तर मग कुठे गेली. त्याला काठी टाकून धावावंसं वाटलं. पाय हललाही. पण पलीकडे तिघांच्या हातांत पीळ भरलेला होता, आणि पुंजाराम त्याच्याकडे पाहत होता. त्याने काठी घट्ट धरली. तुळजाबाई कोनाड्यातला दिवा उचलून आत गेली. आतल्या भिंतीवर उजेड फिरताना दिसला, कणगीपाशी गेला, चुलीपाशी गेला, आणि एका जागी थांबला.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने दिव्यापुढे हात आडवा धरला होता.

"निजली," ती साळूबाईला म्हणाली. "दाराच्या मागं. गोधडी अंगावर घेऊन. कव्हा निजली, मला बी कळलं न्हाई."

साळूबाईने आत डोकावून पाहिलं. मग ती लुगडं मांडीवर घेऊन ओट्यावरच बसली.

कडूबा अजून दारापासून लांब होता. दोर पुरा व्हायचा होता. तो ओढेल तेवढाच तो पुढे येऊ शकत होता. नरहरपंतांनी सवयीने पुढची गोष्ट सुरू केली, तेव्हा पुंजारामाने त्यांच्या गुडघ्याला हळूच गुडघा लावला.

"हळू बोला, पंत," तो म्हणाला. "लेकरू निजलंय."

पंतांनी आवाज उतरवला. मच्छिंद्राने आपला पेड दुसऱ्या हातात घेतला. आणि अंगणाच्या त्या टोकाला कडूबाने एक पाऊल पुढे टाकलं.